माती-दगडाच्या प्रोजेक्टमधल्या त्याच त्या चुका, आता तरी टाळा

यंदाच्या तालुका विज्ञान प्रदर्शनीत मी सात ज्वालामुखी मोजले. सात! थर्माकोलचा डोंगर, त्याला तपकिरी रंग, मधोमध प्लास्टिकची डबी, डबीत खायचा सोडा, वरून व्हिनेगर आणि लाल रंग, फेस आला की पोरगं म्हणते "हा लाव्हा", मागे उभे असलेले पालक मोबाईलवर व्हिडिओ काढते, झालं प्रोजेक्ट.

मी वणीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत बावीस वर्षांपासून विज्ञान-भूगोल शिकवून राहिलो. हिवाळ्यात प्रदर्शनीत परीक्षक म्हणून बोलावते तेव्हा "पृथ्वी, जमीन, नैसर्गिक साधनसंपत्ती" हा टेबल हमखास माझ्या गळ्यात पडते, कारण बाकी सगळ्यांना रोबोट आणि सोलर पाहिजे असते. त्यामुळं खाली जे लिहिलं ते सगळं डोळ्यानं पाहिलेलं आहे, आणि दरवर्षी तेच तेच पाहून आता जीव कंटाळला. प्रदर्शनी दोन दिवसांवर आली आणि नंबर पाहिजे, असं ज्याचं आहे त्यानं सरळ स्टेशनरीच्या दुकानातून रेडिमेड मॉडेल आणावं, वाचत बसू नये. ज्याच्याजवळ पंधरा दिवस आणि एक अंगण आहे त्याच्यासाठी हे आहे.

लोणारचा "ज्वालामुखी"

त्या सातमधले दोन चक्क लोणारच्या नावानं होते. एका पोराला विचारलं, हे कोणी सांगतलं बा तुले? तो म्हणे सरांनी. सर बाजूलाच उभे, म्हणे "गुगलवर आहे." आता गुगलवर काय नाही.

लोणारचं विवर उल्केच्या धडकेनं झालं. गडबड होते ती यामुळं की तिथला दगड खरोखरच लाव्ह्याचा आहे, म्हणजे आपला काळा बेसाल्ट. दगड लाव्ह्याचा, खड्डा उल्केचा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरं (आणि सरही) त्या एकात कालवतात. पोरांना हसू नका, जुन्या काळात भूवैज्ञानिकांनीही त्याला बराच काळ ज्वालामुखीचंच तोंड समजलं होतं. तिथं मास्केलिनाइट नावाची काच सापडली, जी फक्त प्रचंड दाबाच्या धक्क्यानं तयार होते, ज्वालामुखीत होत नाही, आणि मग तो वाद मिटला. विवराचा व्यास साधारण १.८ किलोमीटर. वयाबद्दल मात्र चार्टवर एकच आकडा ठोकून लिहू नका: आधीच्या मोजणीत ५२ हजार वर्षं आलं, २०१० च्या सुमारास दुसऱ्या पद्धतीनं मोजलं तर जवळपास ५.७ लाख वर्षं आलं. दोन्ही लिहा, बाजूला पद्धत लिहा, परीक्षक खूश होतो. मी तरी होतो.

दुसरी चूक त्याच्याच पोटातली. विदर्भातला लाव्हा म्हटला की पोरं टोकदार डोंगर करतात, शाळेच्या पुस्तकातल्या जपानच्या फोटोसारखा. आपल्या इकडं तसा डोंगर फुटलाच नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून पातळ लाव्हा निघून पसरत गेला, थरावर थर. आई तव्यावर धिरडं टाकते तसं समजा, पीठ टोकदार उभं राहत नाही, पसरते. अशी धिरड्यांची चळत झाली ती म्हणजे दख्खनचं पठार. चिखलदऱ्याच्या घाटात डोंगराला पायऱ्या दिसतात त्या याच थरांच्या.

मी काय करतो: जुन्या ताटाखाली मधोमध लांबट चीर पाडतो, वरून माती पसरतो, आणि त्या चिरेतून खालून मेणाचा पातळ रस पिचकारीनं ढकलतो, एकदा पांढरा, थंड झाला की लाल, मग हिरवा. मेणाचं काम मोठ्या माणसानंच करायचं, पोरांच्या हातात गरम मेण द्यायचं नाही. शेवटी ताटातलं मेण सुरीनं वरून खाली कापलं की थर दिसतात. लोणार दाखवायचं असेल तर परातीत चार बोटं गव्हाचं पीठ, त्यावर हळदीचा पातळ थर, आणि खांद्याच्या उंचीवरून काचेची गोटी सोडायची. कडेला उठलेली रिंग आणि हळदीवर उडालेलं पांढरं पीठ पाहिलं की पोराला विवर आणि ज्वालामुखी यातला फरक समजावून सांगावाच लागत नाही. सोडा-व्हिनेगर कायमचं बंद करा, त्या फेसातून भूगोलाचं काहीही शिकायला भेटत नाही.

बरणीतली माती, आणि घाई

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण प्रयोग इतका सोपा आहे की बिघडायला जागाच नाही, तरी शंभरातले नव्वद बिघडवतात.

प्रयोग असा: काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी, झाकण लावून जोरात हलवायचं, ठेवून द्यायचं. रेती खाली बसते, त्यावर गाळ म्हणजे पोयटा, सगळ्यात वर चिकणमाती. पट्टीनं थर मोजायचे.

तीनेक वर्षांपूर्वी एका शाळेत मला पाहुणा म्हणून नेलं. नवीन डीएड झालेले गुरुजी, उत्साह भरपूर, पोरांचे सहा गट, सहा बरण्या. सगळ्यांनी तासाच्या सुरुवातीला बरण्या हलवल्या आणि तासाच्या शेवटी, म्हणजे ३५ मिनिटांनी, थर मोजून फळ्यावर लिहिलं: रेती ७० टक्के, पोयटा ३० टक्के, चिकणमाती शून्य. शून्य! कपाशीच्या काळ्या वावरातली माती होती ती. मी एका पोराला म्हटलं, "काय बे, पावसात तुमच्या वावरात गेलं तं काय होते?" तो म्हणे, "पाय रुतते ना सर, चप्पल तेथीच राह्यते." "मंग चिकणमाती शून्य कशी?" पोट्टं बरणीकडं पाहते, गुरुजीकडं पाहते, पुन्हा बरणीकडं पाहते. पाणी अजून चहासारखं गढूळ होतं. ती चिकणमाती तिथंच तरंगत होती, कोणी तिच्याकडं पाहिलंच नाही.

चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरपेक्षा लहान असतो. रेती मिनिटभरात बसते, पोयट्याला काही तास लागतात, चिकणमातीला एक दिवस, दोन दिवस, कधी त्याहून जास्त. आपल्या काळ्या मातीत निम्मी आणि कधी निम्म्याहून जास्त चिकणमाती असते, तेव्हा ३५ मिनिटांत तिचा निकाल लावणं म्हणजे वरातीतून नवरदेव उतरायच्या आधीच पंगत उठवणं.

आणि ती ७० टक्के "रेती" कुठून आली? ती रेती नव्हतीच, ढेकळं होती. काळी माती वाळली की तिचे कण एकमेकांना घट्ट धरून बारीक खडे होतात, पाण्यात टाकले तरी सगळे फुटत नाहीत, तसेच खाली बसतात आणि रेतीचं सोंग घेतात. म्हणून माझी पद्धत: माती आधी सावलीत वाळवा, खलबत्त्यात हलक्या हातानं मोडा (कुटू नका, मोडा), काडी-कचरा आणि मुळ्या काढा, रात्रभर पाण्यात भिजू द्या, सकाळी चिमूटभर कपड्याची पावडर टाका आणि मग पाच मिनिटं हलवा. पावडरीनं कण सुटे होतात. फेस येतो, येऊ द्या. नंतर बरणीला कागदाची पट्टी चिकटवून पेन्सिलनं तीन खुणा करायच्या: १ मिनिटानं, २ तासांनी, आणि पाणी नितळ झाल्यावर. पाणी नितळ होईपर्यंत बरणीला हात लावायचा नाही, खिडकीतून टेबलावर न्यायचं नाही, "पाहू किती बसलं" म्हणून तिरपी करायची नाही. आमच्या शाळेत यासाठी बरणीवर खडूनं "झोपली आहे" असं लिहितो, पहिलीची पोरंसुद्धा मग हात लावत नाहीत.

ताळा पाहायचा असेल तर ओली माती तळहातावर घेऊन अंगठा आणि बोटात दाबून फीत काढा. काळ्या मातीची फीत पाच सेंटिमीटरच्या वर न तुटता निघते. फीत लांब निघते आणि बरणी म्हणते चिकणमाती नाही, तर बरणी खोटं बोलून राहिली.

खडू फसफसत नाही

रासायनिक विदारण, म्हणजे आम्लानं दगड जागेवरच विरघळणं, ते दाखवायला खडूवर व्हिनेगर टाका असं जागोजागी लिहिलेलं असते. मीही तेच केलं होतं, नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी, तपासणीला साहेब आले होते तेव्हा. "आता पाहा, खडू विरघळेल, बुडबुडे येतील." काही नाही आलं. अजून टाकलं. ओला खडू. साहेब म्हणे, "मास्तर, विदारण केव्हा होते, जेवणाच्या सुट्टीनंतर का?" पोरं फिदीफिदी.

कारण एवढंच की फळ्याचे पुष्कळ खडू जिप्समचे असतात, चुनखडीचे नाहीत, आणि जिप्सम व्हिनेगरला दाद देत नाही. तेव्हापासून मी अंड्याचं टरफल वापरतो, नाहीतर आमच्या वणी-राजूर भागातल्या चुनखडीचा तुकडा. आधी घरी करून पाहिल्याशिवाय कोणताही प्रयोग वर्गात करायचा नाही, हे त्या दिवशी शिकलो.

विदारण, झीज, गाळ: कोणता शब्द कुठं

चार्टवर हे तिन्ही शब्द एकाच बाणाखाली कोंबलेले असतात. मी पोरांना एकच प्रश्न विचारायला लावतो: दगड जागेवर आहे का हलला? जागेवर फुटला, पापुद्रे निघाले, मऊ पडला, तर विदारण. फुटलेलं पाण्यानं-वाऱ्यानं उचलून नेलं, तर झीज. नेलेलं कुठंतरी टाकलं, तर संचयन, आणि जे टाकलं तो गाळ. रस्त्यासाठी टेकडी कापलेली असते तिथं काळ्या दगडाला कांद्यासारखे गोल पापुद्रे सुटलेले दिसतात, आतला गाभा टणक आणि भोवती पिवळसर मुरूम. तो मुरूम अजून कुठं गेला नाही, तिथंच आहे, म्हणून ते विदारण. कापलेल्या दरडीखाली उभं राहून दगड उपसू नका, रस्त्याच्या या बाजूनं पाहिलं तरी दिसते.

मोठ्या माणसांचीही एक चूक इथंच सांगून टाकतो. तलावात साचलेला गाळ म्हणजे कोणाच्यातरी वावरातून वाहून आलेली माती. २०१७ पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार अशी योजना आहे, म्हणजे नदीनं खाली नेलं ते ट्रॅक्टरनं परत वर न्यायचं. चांगलंच आहे. पण फुकट भेटते म्हणून आधीच भारी काळ्या वावरात गाळ टाकणारे लोक मी पाहिले, मग पाणी साचते म्हणून बोंबलतात. गाळ बरड जमिनीसाठी, मुरमाड जमिनीसाठी. भारी वावरात तो टाकणं म्हणजे लठ्ठ माणसाला तूप पाजणं.

कोळसा आणि कोळसा

हे आमच्या भागातल्या पोरांकडून होते याचं जास्त वाईट वाटते. एका पोरानं खनिजांचा टेबल मांडला होता, छान प्लास्टिकच्या पिशव्या, लेबलं सुंदर अक्षरात. मॅंगनीज: नागपूर, भंडारा. चुनखडी: चंद्रपूर, यवतमाळ. लोहखनिज: गडचिरोली. इथपर्यंत सगळं बरोबर. कोळसा: वणी, चंद्रपूर, उमरेड. पिशवी उचलली तर हलकी फुल्ल. आत पाहतो तर तुकड्यावर लाकडाची वर्तुळं दिसून राहिली.

"हा कोठून आणला?"

"धाब्यावरून सर, तंदूरचा."

त्याच्या शाळेसमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात. पानं काळी, कौलं काळी, पोरांची नाकं काळी. आणि हा धाब्यावर गेला!

दोष भाषेचाही आहे, आपण दोन्हीला कोळसाच म्हणतो. लाकूड अर्धवट जाळलं की लाकडी कोळसा. दगडी कोळसा जळून झालेला नाही, इथंच सगळे चुकतात. साधारण २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी आपल्या इथं दलदली होत्या, तिथली झाडं मेली, पाण्याखाली गाडली गेली, हवा न भेटल्यानं पूर्ण कुजली नाहीत, वर गाळाचे थर चढत गेले, त्या दाबानं आणि उष्णतेनं त्यांचा कोळसा झाला. त्या काळच्या ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडाच्या पानांचे ठसे कोळशाजवळच्या दगडात सापडतात. हातात धरून फरक कळतो: लाकडी कोळसा हलका, लाकडाच्या रेषा दिसतात. दगडी कोळसा जड, त्याच्यात चमकदार आणि मळकट पट्ट्या आलटून पालटून.

नमुना पाहिजे तर वीटभट्टीवाल्याला मागा, एक तुकडा कोणीही देते. खाणीच्या ढिगाऱ्यावर चढायचं नाही, रेल्वेच्या सायडिंगवर जायचं नाही, ट्रकमधून पडलेला वेचायला रस्त्यावर तर अजिबात नाही. कितीही भारी नमुना असू दे.

याच टेबलावर मी एक प्रश्न मुद्दाम विचारतो: आपल्या काळ्या दगडाचं वय जास्त का कोळशाचं? सगळे म्हणतात दगडाचं, दगड म्हणजे जुना. वर्धा नदीच्या खोऱ्यात काही ठिकाणी वर बेसाल्ट आणि खोल खाली कोळसा आहे. जो खाली तो आधी. कोळसा दगडापेक्षा वीस कोटी वर्षांच्या आसपास म्हातारा आहे.

नवीकरणीय आणि अनवीकरणीय अशी दोन रकान्यांची यादी करणाऱ्यांनी रेती कुठं टाकायची ते आधी ठरवावं. "दरवर्षी पुरात येते" म्हणून पहिल्या रकान्यात टाकतात. येते, पण वर धरण झालं की तिथंच अडते, आणि रेतीघाटावर एका उन्हाळ्यात जितकी उचलतात तितकी एका पुरात भरेलच असं नाही. मी अशा गोष्टींसाठी तिसरा रकाना करतो, "वेग पाहून सांगू." पुस्तकात नाही, पण खरा आहे.

गवताचा ट्रे

दोन ट्रे, एकात गवत, एकात उघडी माती, दोन्हीवर पाणी, कोणातून गढूळ पाणी निघते ते पाहा. प्रयोग चांगला, पण गवत काल संध्याकाळी उपटून आणून खोचलेलं असते, एका ट्रेखाली दोन विटा आणि दुसऱ्याखाली एक, पाणी मगानं धबधब्यासारखं, आणि कोणात किती ओतलं याचा पत्ता नाही. गवतवाल्या ट्रेचीच माती आधी वाहून जाते आणि पोरगं रडकुंडीला येते.

गहू पेरा, दहा दिवस वाढू द्या. दोन्हीखाली एकेक वीट. बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं दहा-बारा बारीक छिद्रं पाडा, तो तुमचा पाऊस, दोन्हीकडं बरोबर एकेक लिटर. खालचं पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत धरा आणि तेही झोपू द्या, गाळ बसल्यावर मोजा. ट्रेच्या मागे पांढरा कागद उभा केला तर उघड्या मातीवर थेंब आदळून शिंतोडे किती उंच उडतात तेही दिसते. मुळ्या माती धरतात हे सगळे लिहितात, पण पानं थेंबाचा मार झेलतात हे कोणी लिहीत नाही. एका पोरीनं मला विचारलं होतं की मंग जूनमध्येच नाल्याला जास्त गढूळ पाणी काहून येते, ऑगस्टमध्येही तर पाऊस असतो. तिला म्हटलं जूनमध्ये तुमचं वावर कसं असते? "वखरलेलं, उघडं." बस. तिनं तिसरा ट्रे केला, उताराला आडव्या सऱ्या पाडून. पूर्ण प्रदर्शनीत मला आवडलेलं तेवढंच होतं, आणि नंबर रोबोटला गेला.

किरकोळ, पण दरवर्षी

काळी माती काळी आहे म्हणजे तिच्यात सेंद्रिय खत भरपूर, असं लिहू नका, बहुतेक काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब कमीच निघते.

पर्जन्यमापक झाडाखाली, छपराच्या वळचणीला किंवा भिंतीला टेकून ठेवू नका. रोज सकाळी साडेआठला वाचा, हवामान खातंही त्याच वेळेला वाचते. आणि मिलिमीटरला घाबरू नका, एक मिलिमीटर म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर, इतकंच.

माती तपासणीचा नमुना धुऱ्यावरून (म्हणजे बांधावरून), झाडाखालून, उकिरड्याजवळून किंवा नुकतंच खत टाकलेल्या जागेतून घेऊ नका. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा खड्डा, वीतभर खोल, सगळं मिसळून त्यातली अर्धा किलो.

दगडाचा फोटो काढताना बाजूला पेन किंवा दहाचं नाणं ठेवा, नाहीतर गोटा आहे का डोंगर तेच समजत नाही.

जमीन बदलते म्हटलं की भूकंप आणि दरड एवढंच आठवते. धुऱ्यावरच्या कडुलिंबाच्या उघड्या पडलेल्या मुळ्या मोजा, जमीन पहिले तिथपर्यंत होती.

विहिरीचा वेडावाकडा आलेख

भूजलाबद्दल तर बोलायलाच नको, नारळ हातावर उभा राहते म्हणून बोअर खोदणारे आमच्याच घरात निघाले. काकानं पाणाड्याच्या सांगण्यावरून तीन बोअर मारले, तिन्ही कोरडे, आणि तरी चौथ्यासाठी त्यालाच बोलावलं. खाली नदी वाहते असं त्याच्या डोक्यात पक्कं. आपल्या दगडात पाणी वरच्या कुजलेल्या मुरमात, जाळीदार थरात आणि भेगांमध्ये असते, भेग लागली तर लागली.

पोरांच्या प्रोजेक्टवर येतो. सातवीच्या एका गटानं दोन महिने गावच्या एका विहिरीची पातळी रोज मोजली. मेहनत खरी होती. आलेख काढला तर करवतीच्या दातासारखा, एक आठवडा वर, एक आठवडा खाली. पोरं म्हणे भूजल दर आठवड्याला कमी-जास्त होते. मलाही दोन दिवस काही उमगलं नाही, मी दोराच्या गाठी तपासल्या, काठड्याची उंची वजा केली का पाहिलं (ती केली नव्हती, पण ती चूक रोज सारखीच होती, त्यानं करवत होत नाही). शेवटी विहीरवाला भाऊच हसला. "मास्तर, एक आठवडा लाईन दिवसाची, एक आठवडा रातची. रातची असली की पोट्टे सकाळी येतात तवा मोटर नुकतीच बंद झाली रायते."

दुरुस्ती साधी: वहीत आणखी एक रकाना, मोटर केव्हा बंद झाली. बंद होऊन निदान सहा-आठ तास झाले असतील तोच आकडा आलेखात घ्यायचा, बाकीचे वहीत राहू द्या पण खोडू नका. पोरांनी तसं केल्यावर सरळ उतरती रेष आली, आणि एका अवकाळी पावसानंतर चार दिवसांनी लहानसा उंचवटा.

दर्यापूरची बरणी

आता माझी चूक. गेल्या वर्षी पाचवीतल्या एका मुलीनं मामाच्या वावरातली माती आणली, दर्यापूरकडची. सगळ्यांच्या बरण्या दोन-तीन दिवसांत नितळल्या, तिची गढूळच. चौथा दिवस, पाचवा दिवस, पाणी दुधासारखं. मला वाटलं ही रोज हलवून पाहून राहिली, वर्गासमोर रागावलो. ती म्हणे नाही हलवत सर. मग म्हटलं पावडर जास्त टाकली असशील. ती हळूच म्हणे, "पावडर टाकलीच नाही, घरी होती नाही."

मी दुसऱ्या दिवशी बरणी घरी नेली. दर्यापूर म्हणजे पूर्णा नदीचं खोरं, खारपाणपट्टा, तिकडं विहिरीचं पाणी खारं आणि कित्येक वावरं चोपण. अशा मातीत सोडियम जास्त असते, आणि सोडियम नेमकं तेच करते जे आपण पावडरीनं करतो, कण सुटे करून ठेवते, एकमेकांना चिकटू देत नाही. म्हणजे तिची बरणी बिघडली नव्हतीच, ती मामाच्या वावराची तब्येत सांगून राहिली होती आणि मीच "नितळत नाही म्हणजे चुकलं" म्हणून मोकळा झालो होतो. कृषी केंद्रातून मूठभर जिप्सम आणलं, अर्धा चमचा बरणीत टाकून एकदा हलवलं. त्यातलं कॅल्शियम पाण्यात उतरलं की कण पुन्हा एकमेकांना धरतात, गोळे होतात, बसतात. संध्याकाळी हलवलेली बरणी सकाळी नितळ.

सोमवारी तिच्या हातात दिली. जिप्सम टाकलं म्हणून सांगतलं, रागावलो होतो त्याबद्दलही बोललो. तिनं बरणी उजेडाकडं धरून पाहिली आणि म्हणे, "मामा वावरात टाकते ते पांढरं पोतं हेच हाये का सर?"

"हाव," म्हटलं, "हेच."